सदोष लोकरी माल

तक्रार खरी असो की खोटी, आली की तिची पोच द्यायची. पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात सबंध नोकरी काढल्यावर ही सवय माणसाच्या अंगात अशी भिनते की निवृत्तीनंतरही निघत नाही. बायको म्हणाली, "अहो, पंखा कुरकुरतोय," की मी म्हणतो, "नोंद घेतली." पंखा अजून कुरकुरतो, तो भाग वेगळा. पण आपली कुणी दखलच घेतली नाही, असं त्या पंख्यालाही म्हणता येणार नाही.

म्हणून त्या दिवशी जेवताना सूनबाई म्हणाली, "एक तारखेला मी प्रोग्राम बंद करतेय," आणि चिरंजिवांनी "का गं?" विचारल्यावर "तक्रारी" एवढंच बोलून तिने मान खाली घातली, तेव्हा माझा घास हातातच राहिला. घरात अख्खा तक्रार विभागप्रमुख जेवायला बसलेला असताना तक्रारींपायी काहीतरी बंद पडावं, हा माझ्या कारकिर्दीचा अपमान होता.

प्रोग्राम विणकामाचा. आपण मापं द्यायची, लोकर जाड की बारीक ते सांगायचं, आणि तो ओळीओळीने सांगत जातो: इथे टाके वाढवा, इथे घटवा, इथे थांबा. सूनबाईने तो नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी आणि उरलेल्या वेळात लिहिला आणि जगाला फुकट देऊन टाकला. जगाने तो घेतला आणि बदल्यात तक्रारी दिल्या. प्रोग्राम लिहिणाऱ्या मंडळींत तक्रारीला 'बग' म्हणतात आणि त्या सगळ्या एका उघड्या यादीत लागतात, कुणीही वाचाव्यात. सुरुवातीला तिच्या जोडीला आणखी दोघं होते. एकाला मूल झालं, दुसऱ्याला बढती मिळाली. या दोन्हींतून माणूस परत येत नाही, त्यामुळे गेली काही वर्षं सगळा गाडा तीच एकटी ओढत होती.

मला तिचं भारी कौतुक आहे. तोंडावर कधी बोललो नव्हतो. सासरे बोलत नसतात. पण मी म्हणालो, "मला एकदा ती यादी बघू दे."

"बाबा, चार आकडी यादी आहे."

"उन्हाळ्यात आमच्याकडे पाच आकडी असायची."

तिला नको म्हणायचं तर होतं, पण म्हणायला अंगात त्राण नसावं. "बरं. पण फक्त वर्गवारी करा. टोप्यांच्या तक्रारी टोप्यांत, मोज्यांच्या मोज्यांत. कुणाला उत्तर मात्र देऊ नका. तेवढं ऐका माझं."

"उत्तर कशाला देईन?" मी म्हणालो. आणि तसा माझा विचारही नव्हता. पोच म्हणजे उत्तर नव्हे, हे कुठल्याही कार्यालयात शिपायालासुद्धा ठाऊक असतं.

मी यादी उघडली आणि हरखून गेलो. पाण्याच्या तक्रारी दोनच प्रकारच्या असतात: येत नाही, किंवा गळतंय. इथे काय वैभव होतं! एकाची टोपी डाव्या कानावर घसरत होती. एका बाईंचा मोजा पायाभोवती असा फिरत होता की संध्याकाळपर्यंत टाच घोट्यावर यायची. कुणी चौकोनी शाल मागितली होती, ती एका कोपऱ्यातून जमिनीवर लोळत होती. स्वेटरची डावी बाही लांब असल्याच्या तक्रारींनी तर पानंच्या पानं भरली होती. आणि एका गृहस्थांच्या स्वेटरला तीन बाह्या आल्या होत्या. त्यांनी 'बाही' हे बटण तीनदा दाबलं होतं, प्रोग्रामने निमूट आज्ञा पाळली होती, आणि तिसरी बाही विणून पूर्ण होईपर्यंत त्या गृहस्थांनाही काही वावगं वाटलं नव्हतं.

पण मी थक्क झालो ते सूनबाईची उत्तरं वाचून. एकाने लिहिलं होतं, "हा प्रोग्राम कुठल्या गाढवाने लिहिला आहे?" खाली तिचं उत्तर: "मी लिहिला आहे. कळवल्याबद्दल आभार. तुमच्या डोक्याचा घेर सांगाल का?" मी हे दोनदा वाचलं. खात्यात असताना अशा प्रश्नाला मी काय उत्तर दिलं असतं, याचा विचार केला आणि तो लगेच सोडून दिला.

सगळ्यांत जास्त तक्रारी एकाच नावाच्या होत्या: 'रागीट मेंढी'. त्या मंडळींत खरं नाव सांगायची पद्धत नसते. बाई की बुवा, कुठली, कोण, काही पत्ता नाही; नावाशेजारी कपाळावर आठ्या घातलेल्या मेंढीचं चित्र. सूनबाईने नवीन आवृत्ती काढली की आठवड्याच्या आत मेंढीची तक्रार हजर. "पुन्हा वाकडं." "अजून वाकडं." "किती वर्षं सांगायचं?" सूनबाई हिच्यापुढेच टेकीला आली होती. मला विचाराल तर असा एक तक्रारदार प्रत्येक विभागात असतोच. आमच्याकडे एक गृहस्थ बाटलीत पाणी भरून घेऊन यायचे आणि साहेबांना प्यायला लावायचे.

ही बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही, कारण मीच सांगत होतो. तळमजल्यावरचे विमा एजंट म्हणाले, "एक काम करा. तक्रारीचा फॉर्म लांबवा. तिसऱ्या पानावर माणूस दमतो. आमचा सगळा धंदा तिसऱ्या पानावर उभा आहे." वरच्या मजल्यावर एक निवृत्त दंतवैद्य राहतात. ते कुठल्याही विषयावर दातांतूनच बोलतात. जिन्यात गाठून ते म्हणाले, "पेशंट सांगतो, डॉक्टर, सगळा जबडा दुखतोय, कान दुखतोय, डोकं दुखतंय. आपण घाबरायचं नाही. दात एकच असतो." मी "हो का" म्हणून पुढे गेलो. मोज्याच्या टाचेला दात कुठून आणायचा?

वर्गवारी सुरू केली खरी, पण हात चालेना. ज्यांच्याकडे इतकी वर्षं कुणी वळून पाहिलं नाही, अशी ती माणसं. कुणाची टोपी, कुणाचा मोजा. यांना साधी पोचसुद्धा नाही? शेवटी मला राहवलं नाही. मी मसुदा केला:

"उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, आपली तक्रार प्राप्त झाली असून ती विचाराधीन आहे. तक्रारीच्या पुष्ट्यर्थ आवश्यक तो पुरावा खालील पत्त्यावर सादर करावा, जेणेकरून पुढील कार्यवाही करणे सोयीचे होईल."

खाली सही आणि घरचा संपूर्ण पत्ता, मजल्यासकट. पत्ता नसलेल्या पत्राला काय अर्थ असतो? यादीच्या डोक्यावर 'सर्व निवडा' अशी एक चौकट होती. मी ती निवडली. संगणकात सोय म्हणून ठेवलेल्या वस्तूंपासून लांब राहावं, हे मला त्यानंतर कळलं.

दुपारी सूनबाई तिच्या खोलीतून बाहेर आली. आवाज चढलेला नव्हता, आणि त्यानेच मी जास्त घाबरलो.

"बाबा, तुम्ही सगळ्यांना उत्तर पाठवलंत?"

"पोच दिली."

"सगळ्यांना?"

"पक्षपात कसा करणार?"

ती खुर्चीत बसली. मग तिने मला शांतपणे समजावून सांगितलं की माझ्या पत्रामुळे वर्षानुवर्षं गाढ झोपलेली प्रत्येक तक्रार जागी झाली आहे, आणि प्रत्येक तक्रारदाराने "म्हणजे अजून दुरुस्त झालंच नाही का?" असं उलट लिहिलं आहे. यादी आता पाच आकडी होती. उन्हाळ्याची बरोबरी झाली, हे माझ्या मनात आलं, पण मी बोललो नाही. "चुकलं असेल तर दुरुस्त करतो," एवढंच म्हणालो. ती म्हणाली, "राहू द्या बाबा. तशीही एक तारीख जवळच आहे." तिने चिडायला हवं होतं. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आणि मग पुरावे यायला लागले.

पहिल्या दिवशी पोस्टमनने एक पाकीट आणलं, त्यात एक मोजा. दुसऱ्या दिवशी त्याने पिशवी आणली. तिसऱ्या दिवशी त्याने खालूनच हाक मारली, "काका, तुम्हीच खाली या." विणणारी माणसं किती आज्ञाधारक असतात, याची मला कल्पना नव्हती. ज्यांनी तीन बाह्यांचा स्वेटर निमूट पूर्ण केला, ती माणसं 'पुरावा सादर करावा' असा आदेश आल्यावर स्वस्थ कशी बसतील? टोप्या आल्या, शाली आल्या, हातमोजे आले, बाळाची झबली आली. तीन बाह्यांचा स्वेटर स्वतः आला. सोफ्यावर लोकर, कपाटावर लोकर, कुरकुरणाऱ्या पंख्यालाही मफलर अडकून तो एकदाचा गप्प झाला. बायको म्हणाली, "अहो, या घरात माणसांना टेकायला तरी जागा ठेवा." तिला विणकाम येतं, त्यामुळे ती एकेक वस्तू उलटीसुलटी करून बघायची आणि "काय सुरेख हात आहे" असं म्हणत घडी घालायची. मला मात्र कधी तिने असं म्हटल्याचं आठवत नाही.

इमारतीत वेगळीच चर्चा. कुणी म्हणे मी जुन्या कपड्यांचा व्यापार सुरू केलाय. एका सकाळी दारासमोर कुणीतरी आपल्या घरच्या विटक्या स्वेटरांचं गाठोडं आणून ठेवलं, वर चिठ्ठी: "उपयोग होईल." सोसायटीच्या अध्यक्षांनी फलकावर सूचना लावली की निवासी जागेत लोकरीचा साठा करू नये. नाव लिहिलं नव्हतं, पण लोकरीचा साठा असणारा मी एकटाच होतो. खात्यातून सन्मानाने निवृत्त झालेला माणूस मी, आता जिन्यात लोक माझ्याकडे बघून नाकाला रुमाल लावायला लागले.

प्रत्येक पार्सलात एक चिठ्ठी असायची. सूनबाई घरी आली की गुपचूप ती वाचायची. एका बसचालकाने टोपी पाठवली होती. "डाव्या कानावर घसरते. पुरावा बघून झाला की परत पाठवा. मला तेवढी एकच आहे आणि पहाटेची पाळी आहे." ती चिठ्ठी तिने बराच वेळ हातात धरून ठेवली. मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही. वाकडी आहे, तरी घालतोय." तारखेबद्दल मात्र ती काही बोलली नाही, आणि तिच्या टेबलावर निरोपाचा मजकूर लिहून तयार होता, हे मला दिसत होतं.

महिना संपत आला आणि पार्सल कार्यालयाकडून मला बोलावणं आलं. 'रागीट मेंढी' या प्रेषकाकडून आलेलं एक मोठं खोकं संशयास्पद म्हणून अडवून ठेवलं होतं. मेंढीचा स्वभाव माहीत होता. खोक्यात काय असेल, सांगता येत नव्हतं.

तिथले अधिकारी चष्मा नाकाच्या टोकावर ठेवून बसले होते. "आत काय आहे?"

"पुरावा."

"कशाचा?"

"वाकडेपणाचा."

त्यांनी खोकं उघडलं. आत एक रुंद, विणलेली पट्टी गुंडाळून ठेवली होती. ते उलगडायला लागले. उलगडता उलगडता पट्टी टेबलावरून खाली उतरली, बाकड्यांखालून गेली, रांगेतल्या लोकांनी पाय वर उचलले. प्रत्येक हातभर रंग बदलत होता आणि प्रत्येक रंगावर एक छोटी चिठ्ठी शिवलेली होती.

"मफलर आहे?"

"एवढी मान कुणाची असते, साहेब?"

"मग वर्णनाच्या रकान्यात काय लिहू? किंमत काय?"

"काहीच नाही. सदोष आहे. सदोष आहे म्हणूनच मागवलाय."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग एक जाड पुस्तक काढून, ओलावलेल्या बोटाने पानं उलटत ते शांतपणे बसले. मी बघत होतो. घाई नाही, वैताग नाही. जगात अशी वस्तू असेल तर तिच्यासाठी नियमही असलाच पाहिजे, अशी त्यांची निष्ठा होती. मला त्या माणसाला नमस्कार करावासा वाटला. अखेर त्यांनी लिहिलं: "सदोष लोकरी माल. व्यापारी मूल्य नाही. तपासणीकरिता." मी म्हणालो, "वा." ते किंचित लाजले.

पण पट्टीचं शेवटचं टोक हाती लागलं आणि ते थांबले. टोकाला लांब सुई होती, आणि शेवटच्या ओळीचे टाके त्या सुईवरच होते. "टोकदार वस्तू. ही सोडता येणार नाही. सुई काढून घेतो." त्यांनी सुईला हात घातला.

मी आयुष्यात कुठल्या अधिकाऱ्याचा हात धरला नव्हता. त्या दिवशी धरला. घरात गेले काही दिवस लोकरीत राहून एक गोष्ट मला कळली होती. "साहेब, सुई काढलीत तर टाके सुटतील. सगळं उसवत जाईल. कुणीतरी वर्षानुवर्षं विणलंय हे."

अधिकाऱ्यांनी सुईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं. मग त्यांनी स्वतःच्या टेबलावरचं खोडरबर उचललं आणि सुईच्या टोकावर दाबून बसवलं. "आता टोकदार नाही," ते म्हणाले, आणि शिक्का मारला.

घरी आम्ही सोफा भिंतीला लावला आणि पट्टी दारापासून पसरायला घेतली. सूनबाई कामावरून आली ती उंबऱ्यातच थांबली. चप्पल न काढता खाली वाकून तिने पहिली चिठ्ठी वाचली आणि तिचा आवाजच बदलला. "बाबा, हे आवृत्तीचे नंबर आहेत. ही माझी पहिली आवृत्ती. ही दुसरी." ती गुडघ्यांवर पुढे सरकत होती. "प्रत्येक आवृत्ती निघाली की त्याच मापाचा एक पट्टा विणलाय. मधे रुंद होणारा, मग निमुळता. प्रत्येक आवृत्तीचा. एकही सोडलेली नाही."

पट्टी दारातून सरळ निघाली होती आणि स्वयंपाकघरात जायला हवी होती. दिवाणखान्याच्या मध्यापर्यंत ती नाकासमोर चाललीही होती. मग हळूहळू कलत कलत ती न्हाणीघराच्या दिशेला गेली होती. ते वळण जमिनीवर आम्हा सगळ्यांना दिसत होतं. सूनबाई मागे मागे येत एका हिरव्या पट्ट्यापाशी थांबली. एका बाजूने बोट फिरवलं, मग दुसऱ्या बाजूने.

"इथे," ती म्हणाली. "याच्या आधी सगळं सरळ आहे. या आवृत्तीत मी भागाकार बदलला होता. टाके सारखे वाटले जात नसतील तर उरलेला टाका कुठे जातो?" ती स्वतःशीच बोलत होती. "नेहमी डावीकडे. प्रत्येक ओळीत डावीकडे." तिने सभोवार पाहिलं: डाव्या कानावरच्या टोप्या, फिरणारे मोजे, लोळणारी शाल, डाव्या लांब बाह्या. "आई, हा एकच बग आहे. जवळजवळ सगळ्या तक्रारी एकच आहेत."

दंतवैद्य गडबड ऐकून खाली आले होते. ते दारातून म्हणाले, "दात एकच." या वेळी मी त्यांना खुर्ची दिली.

सूनबाई तशीच जाऊन संगणकापुढे बसली आणि जेवायच्या आत दुरुस्ती झाली. उरलेला टाका आता एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. वर्षानुवर्षं तुंबलेल्या तक्रारी तिने एकत्र बांधल्या आणि यादी इतकी लहान झाली की एका पडद्यावर मावली. तीन बाह्यांची तक्रार तेवढी वेगळी राहिली. मी तिच्या मागे उभा राहून बघत होतो. एवढं डोकं, आणि एवढा धीर. ज्या मेंढीने तिचा जीव नकोसा केला होता, तीच इतकी वर्षं रात्रंदिवस तिच्या पाठीशी सुया घेऊन बसली होती, आणि या दोघींनी एकमेकींना एकदा पाहिलेलंही नव्हतं. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "तुझं काम अत्यंत समाधानकारक आहे." आमच्या खात्यात यापेक्षा वरचा शेरा नव्हता. तिने मागे वळून पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले, तेव्हा तो शेरा तिलाही कळला असावा.

"पण उद्या एक तारीख," चिरंजीव हळूच म्हणाले.

बायको पट्टी गुंडाळत टोकापर्यंत आली होती. खोडरबर लावलेली सुई तिने उजेडात धरली. "अगं, हिने टाके बंद केलेले नाहीत."

"म्हणजे?" सूनबाईने विचारलं. एवढा प्रोग्राम लिहिला, पण बसून विणायला तिला वेळच कधी मिळाला नव्हता.

"विणून संपलं की शेवटची ओळ बंद करतात. ही उघडीच ठेवलीय. पुढचा पट्टा विणायचाय म्हणून."

सूनबाईने सुई हातात घेतली. "हे असंच परत कसं पाठवायचं, आई?"

"असंच कसं? पुढचा पट्टा विणून पाठवू."

"त्याला पुढची आवृत्ती लागेल."

"लागेल ना," बायको म्हणाली आणि दिवा लावायला आत गेली.

एक तारखेला नवीन आवृत्ती निघाली. निरोपाचा मजकूर कुठे गेला, मी विचारलं नाही. टोप्या, मोजे, शाली ज्याच्या त्याला परत गेल्या, बसचालकाची टोपी सगळ्यांत आधी. राहिली मेंढीची पट्टी. बायको म्हणाली, "हा सगळा पसारा तुमच्या पोचेने घातला. पट्टा तुम्हीच विणा." मी विणला. किती वेळा उसवला ते विचारू नका. एकदा तर मला विणताना बघून अध्यक्षांनी फलकावरची सूचना काढून टाकली. त्यांना वाटलं, याचं आता वय झालं. पट्टा पूर्ण झाला तेव्हा मला तो सरळ दिसत होता. टाके उघडेच ठेवून, खोडरबरासकट, मी तो रवाना केला.

आठवड्याभरात यादीत नवी तक्रार आली. आठ्या घातलेली मेंढी. "नवीन आवृत्तीचा पट्टा मिळाला. कड पुन्हा वाकडी. किती वर्षं सांगायचं?"

सूनबाईने मला शेजारी बसवून उत्तर लिहिलं: "प्रोग्राम तपासला, बरोबर आहे. दोष विणणाऱ्याचा आहे. ते माझे सासरे आहेत. तक्रार त्यांच्याकडे सोपवत आहे."

थोड्या वेळाने मेंढीचं उत्तर आलं. "मग उघडी ठेवा. शिकतील."

ती तक्रार अजून उघडी आहे, आणि तिच्यापुढे माझं नाव आहे. मी पोच दिली आहे.